घर मजबूत हवे, तसे निरोगीही हवे



ऊस बिलाची रक्कम हाती आली की आपल्या भागात दोन कामे निघतात. एक लग्नाचे, दुसरे घराचे. लागणीच्या नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा बेण्याबरोबर घराच्याही गोष्टी होतात. "साहेब, स्लॅब टाकावा की पत्रे?" असे कोणी विचारतो. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. तरी किल्लारी परिसराला घराबाबत जे शिकावे लागले, ते सभासदांपुढे ठेवणे आम्हास अगत्याचे वाटते.

जुनी घरे का पडली?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ रिश्टरचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झालेले, गाव गाढ झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे घराखालीच गाडली गेली.

आपल्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, पण मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर बांधून धरणारे आरपार दगड त्यात नसत. वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती पडायची. हिशेब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे चार-साडेचार टन वजन! टायरगाडीच्या दोन खेपांचा ऊस डोक्यावर ठेवून आपण झोपत होतो. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडूनही कित्येक ठिकाणी छत उभे राहिले.

नव्या घरात काय कमी पडले?

पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते रुंद झाले. पण माळवदाखालचा गारवा गेला. एप्रिल-मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. कुटुंब वाढले तशी बाजूला पत्र्याची शेड आली. तिथे ना भूकंपाचा विचार, ना हवेचा. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, जुन्या घराचा गारवा घ्या, त्याचे वजन घेऊ नका.

मजबुतीसाठी

१) आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत न्या.
२) जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली लोखंडी सळईचा काँक्रीट पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवा. पेटीला दोरी आवळावी तसा तो घराला धरून ठेवतो.
३) दारे-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर ठेवा.
४) माळवद अजून उभे असेल तर वरची जादा माती उतरवा.

आरोग्यासाठी

१) प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या हव्यात. चोराच्या भीतीने खिडकीच ठेवत नाहीत. त्यापेक्षा गज बसवा.
२) स्लॅबला उन्हाळ्यापूर्वी चुन्याची सफेदी द्या. पश्चिमेच्या भिंतीला ओसरी काढा. लिंबाचे झाड लावा, पण पायापासून लांब.
३) गॅस आला तरी पाण्याची चूल पेटतेच. ती चूल बाहेर पडवीत घ्या, स्वयंपाकघराला धुराडे ठेवा. धूर बाया आणि लेकरांच्या छातीत जातो. स्वयंपाकघराचा नकाशा घरच्या लक्ष्मीला विचारूनच करा.
४) दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की दुसरा चालू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की त्याचे खत होते. खड्डे विहीर-बोअरपासून किमान ५० फूट दूर असावेत. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळीला सोडा.
५) गोठा घराला चिकटून नको. माश्या, गोचिड आणि डास तिथूनच आत येतात.
६) तणनाशक, कीटकनाशकाचे डबे आणि युरियाची पोती झोपायच्या खोलीत मुळीच नकोत. हे आम्ही अनेक घरांत पाहतो, म्हणून मुद्दाम लिहितो. वेगळी कुलूपबंद खोली किंवा पेटी करा.

खर्चाचे काय?

खिडकी समोरासमोर ठेवायला जादा पैसे लागत नाहीत, आधी विचार लागतो. पट्ट्याला सिमेंट-सळई लागते हे खरे. पैसा कमी पडला तर दर्शनी भागाची फरशी आणि रंग पुढच्या बिलावर ढकला. पट्टा मात्र नंतर घालणे फार अवघड व महाग पडते. मुलांच्या वाढीव खोल्यांची जागाही आजच नकाशात धरा.

बेणे फसले तर पुढच्या हंगामात ऊस मोडता येतो. घर तसे मोडता येत नाही, त्यात नातवंडे वाढायची असतात. १९९३ पूर्वी आपला भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. तरी सभासदांनी कुदळ मारण्यापूर्वी जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि गवंड्याकडून पट्टा समोर उभे राहून घालून घ्यावा, ही आमची आग्रहाची विनंती.