टाचांच्या भेगा : कोरड्या त्वचेचे शास्त्र आणि निगा

प्रस्तावना

दिवाळी उलटली की महाराष्ट्राच्या पठारी भागातील हवेतील ओल झपाट्याने कमी होते. ओठ फुटतात, हातपाय उलतात, पोटरीवर नखाने ओढल्यास पांढरी रेघ उमटते आणि टाचांना भेगा पडतात. ग्रामीण बोलीत या भेगांना 'जळवात' असेही म्हणतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडतात त्यांनाही मराठीत भेगाच म्हटले जाते आणि हे शब्दसाम्य शास्त्रदृष्ट्या फारसे चुकीचे नाही. दोन्ही ठिकाणी पाणी निघून जाते, आकुंचन होते आणि ताण सहन न झाल्याने पृष्ठभाग तडकतो.

टाचांच्या भेगांचा विषय आपल्याकडे बहुतांशी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींवर सोपविला गेला आहे. त्यामुळे ही केवळ दिसण्याची बाब आहे, असा समज रूढ झाला. वस्तुतः अनवाणी किंवा साध्या चपलेने शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात उभे राहणाऱ्या माणसाला खोल भेग म्हणजे प्रत्येक पावलागणिक वेदना असते. आणि ज्यांच्या पायांची संवेदना कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने गेली आहे, त्यांना ही वेदनाही होत नाही, ही त्याहून गंभीर गोष्ट होय. अशा रुग्णांत भेगेतून जखम, जखमेतून जंतुसंसर्ग आणि क्वचित पाय कापण्यापर्यंत मजल जाते. प्रस्तुत लेखात टाचेच्या भेगेच्या निमित्ताने कोरड्या त्वचेची कारणमीमांसा व तिच्या निगेची पद्धती यांचा विचार केला आहे.

त्वचेतील पाणी कोठे असते?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. हा मृत, चपट्या पेशींचा थर असून शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर असते. टाचेवर मात्र ती याच्या अनेक पटींनी अधिक असते. या थराच्या रचनेसाठी विटा आणि चुना यांची उपमा दिली जाते. अमेरिकन त्वचावैज्ञानिक पीटर एलियास यांनी १९८० च्या दशकात ती रूढ केली. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या दरम्यानची मेदद्रव्ये म्हणजे चुना. या मेदद्रव्यांपैकी वजनाने सुमारे निम्मा भाग सेरामाइडांचा, सुमारे एक चतुर्थांश कोलेस्टेरॉलचा आणि उरलेला मुख्यतः मुक्त मेदाम्लांचा असतो. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे हे या चुन्याचे काम.

विटा स्वतःही पाणी धरून ठेवतात. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे विघटन होऊन त्यातून जलाकर्षक अमिनो आम्ले व तत्सम पदार्थ तयार होतात. त्यांना त्वचेची नैसर्गिक आर्द्रताद्रव्ये म्हणता येईल. काही माणसांची त्वचा बालपणापासूनच माशाच्या खवल्यांसारखी कोरडी का असते, याचे उत्तर येथे सापडले. फिलॅग्रिनच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण असल्याचे २००६ मध्ये सिद्ध झाले. अशा कुटुंबांत 'पथ्य पाळत नाही' म्हणून मुलाला दोष दिला जातो, तो अनाठायी आहे.

शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो. थंड व कोरडी हवा, वाढते वय, वारंवार धुणे आणि तीव्र साबण ही पाणी घटण्याची नेहमीची कारणे होत. आणखी एक गोष्ट येथे घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मृत पेशी एकमेकींपासून सुटून गळून पडाव्यात यासाठी काही विकरे काम करतात आणि त्या विकरांनाही पाणी लागते. पाणी कमी पडले की पेशी गळत नाहीत, थरावर थर साचतो, जाड थर अधिक ठिसूळ होतो. कोरडेपणा अशा रीतीने स्वतःच स्वतःला वाढवितो.

टाचच का फुटते?

तळहात व तळपाय यांवर तैलग्रंथी नसतात. चेहरा किंवा पाठ यांना मिळणारे नैसर्गिक तेल टाचेला कधीच मिळत नाही. तिचा ओलावा मुख्यतः घामावर अवलंबून असतो. दुसरे कारण यांत्रिक आहे. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी असते. शरीराचा भार पडला की ती बाजूंना पसरते आणि कडेची त्वचा ताणली जाते. त्वचा लवचीक असेल तर ती ताणून पुन्हा पूर्ववत होते. कोरड्या, जाड घट्ट्यात मात्र ही लवचीकता नसल्याने तो उभा चिरतो. म्हणूनच भेगा टाचेच्या मधोमध नव्हे, तर कडेने पडतात. मागे पट्टा नसलेली सपाट चप्पल ही गादी बाजूने सांभाळत नाही. दिवसभर फरशीवर अनवाणी उभे राहून स्वयंपाक करणारी गृहिणी, शिक्षक, विणकर, दुकानात उभा असणारा नोकर या सर्वांत भेगांचे प्रमाण अधिक दिसते, त्यामागे हाच भार असतो. शरीराचे वजन वाढले की ताणही वाढतो.

तेल की पाणी?

कोरड्या त्वचेला तेल कमी पडते, असा सार्वत्रिक समज आहे. १९५२ मध्ये अर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने त्याची परीक्षा घेतली. त्याने घट्ट्याचे वाळलेले तुकडे तेलात बुडवून ठेवले. ते कडकच राहिले. पाण्यात ठेवलेले तुकडे मात्र मऊ व लवचीक झाले. त्वचेला मृदुत्व देते ते पाणी, हा या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला.

याचा अर्थ तेल निरुपयोगी आहे असा नव्हे. तेल पाणी देत नाही, परंतु आत असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. 'रोज रात्री तेल चोळतो, तरी टाचा तशाच' ही तक्रार अनेकदा ऐकू येते, तिचे उत्तर या भेदात आहे. कोरड्या ठणठणीत टाचेवर चोळलेले तेल कोरडेपणावरच झाकण घालते. तेच तेल पाय भिजवून, ओलसर असतानाच लावले तर उपयोगी पडते.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'पाददारी' या नावाने या विकाराचे वर्णन आले आहे. फार चालणाऱ्या माणसाच्या रुक्ष पायांना भेगा पडतात, हे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. उपचारांत शेक व अभ्यंग सांगून नंतर मेण, तूप, राळ इत्यादींचा लेप दिला आहे. राळ आणि मेण तेलात कढवून केलेले मलम आजही खेड्यापाड्यांतून भेगांत भरले जाते. लेपातील मेणाने पाणी अडते आणि राळेने तो भेगेत चिकटून राहतो, असे याचे आधुनिक स्पष्टीकरण देता येईल. कोकणात व गोव्यात कोकमाच्या बियांचे तेल याच कामी वापरतात. सामान्य तापमानाला ते घट्ट असते आणि अंगाच्या उष्णतेने वितळते. हा गुण टाचेसाठी सोयीचा आहे. ते कडकडीत गरम करून भेगेत चटका देण्याची जी रीत काही घरांत आहे, ती मात्र सर्वथा त्याज्य होय.

सर्वच तेले सारखी नसतात. फिलिपाइन्समध्ये ३४ रुग्णांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम कोरडेपणावर खोबरेल हे खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. उलट मोहरीचे तेल त्वचेच्या आवरणाची भरपाई लांबविते, असे २००२ मधील प्राण्यांवरील प्रयोगात आढळले. त्याच प्रयोगात सूर्यफूल तेलाचा परिणाम अनुकूल दिसला. बाजारातील सर्वांत स्वस्त द्रव्यांपैकी एक असलेली पेट्रोलियम जेली पाणी रोखण्याच्या कामात आजही अव्वल मानली जाते. ग्लिसरिन पाणी ओढून धरते, परंतु कोरड्या हवेत ते निव्वळ न लावता त्यात पाणी मिसळावे. युरिया असलेली मलमे टाचेसाठी विशेष उपयुक्त आहेत. सुमारे १० टक्के प्रमाणात युरिया ओलावा धरतो, तर २० टक्क्यांच्या पुढे तो साचलेला घट्टाही विरघळवू लागतो. उघड्या भेगेत तो झोंबतो, हे मात्र आधी सांगितलेले बरे. डब्यावरील फुलांची चित्रे आणि किंमत यांचा गुणाशी संबंध क्वचितच असतो.

साबण आणि पाणी

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू सुमारे ४.५ ते ५.५ असतो. पारंपरिक साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबण मळाबरोबर 'चुन्या'तील मेदही धुऊन नेतो. भारतीय मानकांनुसार स्नानाच्या साबणाची प्रत त्यातील एकूण मेदद्रव्याच्या टक्केवारीवर ठरते : पहिल्या प्रतीसाठी किमान ७६, दुसरीसाठी ७० आणि तिसरीसाठी ६०. टक्केवारी जास्त म्हणजे साबण त्वचेला सौम्य, असा अर्थ ग्राहक काढतात. तो पूर्णतः बरोबर नाही. ही टक्केवारी साबणातील भरताड किती ते सांगते, त्याची अल्कता नव्हे.

कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यात प्रश्न अधिक बिकट होतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो त्वचेवरच बसतो. फेस येईना म्हणून आणखी साबण लावला जातो. अशा गावांत साबण काखा, जांघा आणि पावले यांपुरता ठेवणे, कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घेणे आणि अंग खसखसून न पुसता टिपून घेणे एवढ्यानेही बराच फरक पडतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल आधी आणि पाणी नंतर हा क्रम आहे. तो थंडीच्या तोंडावर यावा, यात योगायोगापेक्षा अनुभवाचा भाग अधिक असावा.

बधिर पायाची भेग

कुष्ठरोगात केवळ स्पर्शसंवेदना जात नाही, तर घर्मग्रंथींना चालना देणारे मज्जातंतूही निकामी होतात. घाम थांबतो. तैलग्रंथी नसलेल्या तळपायाचा ओलाव्याचा हा एकमेव आधार नाहीसा झाला की त्वचा लाकडासारखी कोरडी पडते व चिरते. वेदना नसल्याने रुग्ण चालत राहतो. कुष्ठरोगाने बोटे 'झडतात' हा समज शतकानुशतके चालत आला. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, हे नुकसान रोग स्वतः करीत नाही, तर बधिर अवयवाला न कळलेल्या जखमा, भाजणे आणि संसर्ग करतात. म्हणजेच ते टाळता येते. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी हेच तत्त्व मधुमेही रुग्णांच्या पायांना लावले.

कुष्ठरोग्यांसाठी ठरलेली पद्धत अत्यंत साधी आहे. पाय रोज सुमारे २० मिनिटे साध्या पाण्यात भिजवावेत, जाड कडा खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासाव्यात आणि ओल्या पायावरच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. खर्च जवळजवळ शून्य. अडचण येते ती रोजच्या सातत्याची.

मधुमेहींसाठी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्तविला आहे. त्यामुळे हा इशारा फार मोठ्या समूहाला लागू पडतो. त्यांच्या पायांचा रक्तपुरवठाही अनेकदा मंदावलेला असतो. पाय फार वेळ भिजल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि पाणी गरम असल्यास न कळता भाजते. म्हणून त्यांनी पाय थोडक्या वेळात कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची उष्णता कोपराने पाहावी, बेचके कोरडे करावेत आणि स्निग्ध मलम बेचके सोडून उरलेल्या तळपायाला लावावे. ब्लेडने किंवा चाकूने घट्टा कापणे या दोन्ही रुग्णांनी कटाक्षाने टाळावे. तळपाय दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून रोज पाहावा, किंवा घरातील मुलाला पाहावयास सांगावे.

भेगेसारखे दिसणारे अन्य विकार

प्रत्येक फुटलेली टाच केवळ कोरडी नसते. एकाच पायाला पिठासारखी भुकटी सुटत असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तळहातांनाही तसेच जाड, लाल चट्टे असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. थंडी सहन न होणे, वजन वाढणे आणि सर्वांग कोरडे पडणे ही लक्षणे एकत्र असल्यास अवटू ग्रंथीची तपासणी योग्य ठरते. अशा वेळी औषधविक्रेत्याकडून मागून आणलेली संमिश्र मलमे घातक ठरतात. त्यांतील स्टेरॉइडमुळे खाज तात्पुरती थांबते, त्वचा पातळ होते आणि बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडांचा समावेश अनुसूची 'एच'मध्ये केला. त्यानुसार ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात किती दुकानांत चिठ्ठी मागितली जाते, हे वाचकास ठाऊक आहे.

भेगेतून रक्त येत असेल, कडा लाल व गरम झाल्या असतील, पू दिसत असेल, किंवा टाच फुटूनही दुखत नसेल, तर घरगुती उपाय थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. माती व शेणखतात काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. इतरांना साधी टाच मऊ होण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. मृत थराची जागा नवीन थराने घेण्यास साधारण तेवढाच काळ जातो. रात्री पाय धुऊन, टिपून, ओलसर टाचेवर जेली किंवा कोकमतेल लावावे, वर सुती मोजे घालावेत आणि दिवसा मागून बंद असलेले पादत्राण वापरावे.