निशाणी पडेपर्यंत

बँकेत असताना चेक परत आला की मेमो निघायचा, खात्याला शुल्क नावे पडायचे, आणि चेक-मेमो ग्राहकाच्या हातात ठेवून आम्ही पुढच्या माणसाकडे वळायचो. आता तेच मेमो चिडलेली किंवा घाबरलेली माणसे पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवतात. मी आधी बघते, मेमोवर बँकेचा शिक्का आहे का. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 146 प्रमाणे बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो हजर केला, की चेक वटला नाही असे कोर्टाने गृहीत धरायचे असते. मग विचारते, हा तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडला? चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि ते उलटले की महिन्याच्या आत फिर्याद. काउंटरवर या तारखेची कोणी विचारपूस करत नसे. इथे फिर्यादीला एका दिवसाचा उशीर झाला तरी विलंबमाफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचा से म्हणजे लेखी म्हणणे, मग युक्तिवाद, मग आदेश.

बँकेत वीस वर्षे पूर्ण झाली की पेन्शनसह स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी ती त्यानंतर काही वर्षांनी घेतली आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. पन्नाशीत सनद मिळते का, असे मला अजून विचारतात. मिळते, पण हा मार्ग मोकळा राहावा म्हणून लोकांना कोर्टात जावे लागले आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना सनद देऊ नये असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तो मनमानी आणि समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केला. पुढे कॉलेजच्या प्रवेशालाच वयाची अट घालणारे परिपत्रक 2016 मध्ये आले, त्यालाही 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. माझ्यासारख्या कितीतरी जणी आज कोर्टात उभ्या आहेत त्या या आदेशांमुळे.

नोकरी किंवा दुसरा व्यवसाय सांभाळून मात्र सनद नाही. मुंबईतल्या एका शल्यचिकित्सकाला डॉक्टरकी चालू ठेवून वकील व्हायचे होते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. लॉ कॉलेजात असताना मला हा निकाल कठोर वाटला होता. आज तो पटतो. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे असतात, आपला पुकारा कधी होईल सांगता येत नाही, आणि पुकाऱ्याला वकील हजर नसला तर त्याचे परिणाम पक्षकाराला भोगावे लागतात. दुसरीकडे बांधलेल्या माणसाला हे जमणार नाही.

सीईटी, मुलांच्या वयाच्या वर्गमित्रांसोबतची तीन वर्षे, मग सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा, हे सगळे मेहनतीने पार पडते. नोंदणीच्या शुल्काबद्दल एवढे सांगायला हवे, की राज्य बार कौन्सिलांनी हजारोंनी पैसे घेणे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये थांबवले. खुल्या प्रवर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, ही वकील कायद्यातली रक्कमच घ्यायची. परीक्षेत कायद्यांच्या मूळ संहिता (बेअर ॲक्ट) जवळ ठेवता येतात, फक्त त्यांत टिपणे नकोत. पण 1 जुलै 2024 पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले. चारशेवीस म्हणजे फसवणूक हे गावातल्या पोरालाही ठाऊक, ते कलम भारतीय न्याय संहितेत 318 झाले. जुन्या वकिलांच्या बोटांवर असलेले आकडे त्यांनाही नव्याने पाठ करावे लागले, आणि त्या बाबतीत तरी मी कोणाच्या मागे नव्हते.

माझे सीनियर माझ्याहून बरेच लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम. नवा पक्षकार ऑफिसात शिरला की पांढरे केस बघून सरळ माझ्यासमोर बसतो. मी त्याला उठवून सरांसमोर बसवते आणि टिपणाची वही उघडते. ज्युनियरचे काम वयाने बदलत नाही. सकाळी बोर्ड बघायचा, वकीलपत्रावर कोर्ट फी आणि वेल्फेअर फंडाचे तिकीट लावायचे, आरोपी आला नसेल तर हजेरीमाफीचा अर्ज तयार ठेवायचा, नकलेसाठी अर्ज करायचा, दुपारी शिरस्तेदारांकडून रोजनाम्यात काय लिहिले गेले ते पाहायचे. रोजनामा आता मोबाइलवरही दिसतो, पण टेबलापाशी उभे राहिले की फाइलही समजते.

बँकेतल्या आणि कोर्टातल्या कागदातला फरक मला एका प्रकरणात नीट उमगला. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. एका बाईंनी दिराच्या कर्जाला जामीन राहताना पतसंस्थेला सही केलेला कोरा चेक दिला होता. काही वर्षांनी त्या चेकवर मोठी रक्कम आणि ताजी तारीख पडली, चेक परत आला, बाई आरोपी झाल्या. "वकीलबाई, मी फक्त सही केली," हे त्यांचे एकच म्हणणे. एवढ्यावर सुटका होत नाही. 2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की राजीखुशीने कोरा चेक सही करून दिला तरी तो देण्यापोटी दिला असे कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायचे ते आरोपीने. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फाइल वाचताना माझी नजर चेकच्या नंबरावर थांबली. बँकेत चेकबुक कोणत्या दिवशी दिले आणि त्यातले कोणते पान कधी वटले याची नोंद असते. त्या चेकबुकातली बाकीची पाने कधीच वापरून झाली असतील आणि हे एकच पान इतक्या वर्षांनी उगवले असेल, तर ते तारण म्हणून पडून होते हे दिसते. सरांना सांगितले. त्यांनी बँकेकडून नोंदी मागवण्याचा अर्ज करायला सांगितला.

बँक स्वतः पक्षकार नसेल तर तिच्या अधिकाऱ्याला कोर्टाच्या आदेशाशिवाय साक्षीला आणता येत नाही, हे 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टमध्ये आहे. आदेश झाला, अधिकारी आले. उताऱ्यासोबतचे प्रमाणपत्र मी ओळ न् ओळ तपासले: नोंदी नेहमीच्या कामकाजातल्या आहेत, वह्या बँकेच्या ताब्यात आहेत, संगणकातल्या माहितीबद्दल शाखा व्यवस्थापकाचे आणि प्रणाली सांभाळणाऱ्याचे म्हणणे स्वतंत्रपणे जोडलेले आहे. अशा प्रमाणपत्रांवर मी नोकरीत सह्या केल्या आहेत. बँकेत सही-शिक्क्याचा कागद म्हणजे खरा कागद. कोर्टात तो आधी यादीसोबत नुसता दाखल होतो. समोरचे वकील हरकत घेतात, साक्षीदार शपथेवर तो ओळखतो, न्यायाधीश बघतात, आणि मग त्यावर लाल शाईने निशाणीचा आकडा पडतो. तो पडेपर्यंत कागद फाइलमध्ये असूनही पुराव्यात नसतो. त्या दिवशी आमच्या उताऱ्यावर निशाणी पडली तेव्हा मला झालेला आनंद पदोन्नतीच्या पत्रापेक्षा मोठा होता.

तरी चेक जुना एवढे दाखवून भागणार नव्हते. रक्कम खरीच येणे होती का, हा गाभा. पतसंस्थेचा कर्जखात्याचा उतारा घेऊन मी रात्री बसले. जमेच्या बाजूला दिराने मधल्या काळात भरलेले हप्ते होते, नावे बाजूला दंडव्याज आणि वसुली खर्च. चेकवरची रक्कम यांच्या कुठल्याच बेरजेशी जुळत नव्हती. 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि ती चेकवर नोंदवलेली नसेल, तर वटवायला टाकताना चेकची रक्कम ही कायदेशीर देणे राहत नाही. उलटतपासात सरांनी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना उताऱ्याची एकेक ओळ दाखवली. "हे खरे आहे की या तारखेला एवढी रक्कम जमा झाली." हे खरे आहे. "हे खरे आहे की चेकवर रक्कम लिहिताना ती वजा केली नाही." व्यवस्थापक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, हे खरे आहे. प्रकरण आता युक्तिवादाला आहे.

पैशांचे खरे तेच सांगते. ज्युनियरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये मानधन द्यावे असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. माझे घर पेन्शनवर चालते. ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया आहेत त्यांनी दोन-तीन वर्षांची तजवीज केल्याशिवाय यात उतरू नये असे मला वाटते. कामाची मात्र वानवा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या वकिलांचे मुंबईची रात्रीची गाडी पकडणे सुटले, आणि वरच्या कोर्टाचे काम शिकायची संधी इथेच आली.

चाळिशी-पन्नाशीतले लोक सल्ला मागायला येतात तेव्हा मी कोणते कलम आवडते असे विचारत नाही. आजवर तुमच्या हातून कोणते कागद गेले, एवढे विचारते. तलाठ्याने फेरफार धरलेले असतात, बांधकाम खात्यातल्या अभियंत्याने मोजमाप पुस्तक भरलेले असते. हे कागद कसे तयार होतात आणि त्यात काय राहून जाते, हे पुस्तक वाचून कळत नाही. मध्यंतरी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आल्या, सध्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. सरांच्या परवानगीने त्यांना मोटार अपघाताच्या एका दाव्यातली रुग्णालयाची कागदपत्रे वाचायला दिली. आम्ही डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचा दाखला बघून रक्कम मागितली होती. त्यांनी ती दोन्ही बाजूला ठेवून परिचारिकांच्या रोजच्या नोंदी काढल्या. पेशंट कित्येक आठवडे ट्रॅक्शनवर होता, कूस बदलायलासुद्धा माणूस लागत होता, आणि शुश्रूषेच्या खर्चाची मागणी आमच्या अर्जात नव्हतीच. अर्जदुरुस्तीचा मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि त्या नोंदींची यादी त्याच करून देत आहेत.