न्यायाधीशांचे कायदेशीर संरक्षण

न्यायदान करताना केलेल्या कृतीबद्दल न्यायाधीशावर पक्षकाराला व्यक्तिशः दावा लावता येत नाही. १८५० च्या न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियमानुसार, अधिकारक्षेत्र ओलांडले गेले तरी ते आपल्याला आहे असा न्यायाधीशाचा सद्भावपूर्वक विश्वास असल्यास हे संरक्षण टिकते. १९८५ च्या अधिनियमाने ते अधिक व्यापक केले. शासन व उच्च न्यायालय यांचा कारवाईचा अधिकार मात्र कायम ठेवला.

कुटुंब न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही (१९८४ चा अधिनियम, कलम १३). ठाण्याच्या कुटुंब न्यायालयाचा निकाल चुकीचा वाटल्यास खरा मार्ग मुंबई उच्च न्यायालयातील अपिलाचा. त्याची मुदत कलम १९ प्रमाणे ३० दिवस. हिंदू विवाह अधिनियमाखालील निकालांसाठी ९० दिवस, असे याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवले. न्यायाधीशावर दावा लावण्याच्या खटपटीत ही मुदत हातची जाऊ शकते.