कॉफीचा दाणा ओळखावा कसा?

आमचें काठी गांव सातपुड्यांतलें. त्याच पर्वताच्या पूर्वेकडील अंगाला, चिखलदऱ्यास, कॉफी पिकते; तेव्हां हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. बाजारांत मुख्यत्वें दोन जातींचे बुंददाणे येतात. अरेबिकाचा दाणा लांबट, त्याच्या पोटावरील रेघ नागमोडी. रोबस्टाचा वाटोळा, रेघ सरळ. अरेबिकास उंच, थंड डोंगर हवा आणि तांबेऱ्याचा रोग तिला लवकर ग्रासतो. रोबस्टा सखल भागांतहि तग धरते. मात्र तिच्यांत कॅफीन जवळजवळ दुप्पट, चवहि कडू. ज्यांस रात्रीं झोंप येत नाहीं त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें! फळांत दोहोंऐवजीं एकच दाणा भरला तर तो वाटाण्यासारखा गोल होतो. ती कांहीं तिसरी जात नव्हे. दळून आणलेल्या पुडींत ही पारख बुडते, शिवाय पुष्कळदां चिकरीहि मिसळलेली असते. यास्तव मी दाणेच आणवितों आणि घरीं दळतों.