मशीन छातीत असलं, तरी १०८ आपणच लावायचा

मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये 'अमक्यांना मशीन बसवलंय' असं सहज सांगतात. पण ते पेसमेकर आहे की आयसीडी, हे पुष्कळदा घरच्यांनाही नीट माहीत नसतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज : मशीन आहे, आता अटॅक यायचा नाही.
पेसमेकर मंदावलेले ठोके सांभाळतो. आयसीडी जीवघेणी लय दिसली की शॉक देतो. अटॅक येतो तो हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्यामुळे, आणि ती मोकळी करणं या दोघांच्याही हातात नाही.

गैरसमज : निदान अटॅक येतोय हे तरी मशीन सांगेल.
नेहमीचा पेसमेकर सांगत नाही. त्यासाठीचं यंत्र वेगळं. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की ईसीजीतला 'एसटी' भाग वर किंवा खाली सरकतो. 'एंजलमेड गार्डियन' हे अमेरिकी यंत्र नेमकं हेच सरकणं टिपतं. पेसमेकरसारखी डबी, हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात एक तार. ताज्या नोंदी ते त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहतं. फरक मोठा दिसला की छातीत थरथरतं आणि सोबतचं छोटं उपकरण वाजतं. उपचार मात्र ते करत नाही.

'अलर्ट्स' या चाचणीत 907 रुग्णांना ते बसवलं होतं. परिणामकारकतेचा मुख्य निकष मूळ विश्लेषणात सिद्ध झाला नाही; पुढच्या विश्लेषणांत चित्र बरं दिसलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने परवानगी दिली, तीही आधी अटॅकसारखा प्रसंग येऊन गेलेल्या आणि पुन्हा धोका असलेल्यांसाठी. माझ्या मते यंत्र कामाचं आहे, पण सरसकट प्रत्येकाच्या छातीत बसवण्याजोगं नाही.

गैरसमज : वाजलं नाही, म्हणजे ॲसिडिटीच.
हा सगळ्यांत घातक. छाती भरून आली, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर यंत्र गप्प असलं तरी १०८ वर फोन लावून ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटल गाठायचं. उशाशी ठेवलेला रिमोट मॉनिटर मशीनच्या नोंदी डॉक्टरांकडे पाठवतो, म्हणून डॉक्टर रात्रभर त्यापुढे बसलेले नसतात.

वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या मेटल डिटेक्टरची भीती मात्र फुकाची. दारातून सरळ चालत जावं, रेंगाळू नये; हातातलं डिटेक्टर मशीनवर धरू देऊ नये.

आणि ईसीजी काढणाऱ्याला मशीनचं आधी सांगा. पेसिंग चालू असताना एसटी वाचणं अवघड जातं. मशीनचं कार्ड कपाटात नको, पाकिटात ठेवा.