घावन का चिकटले?

सहलीला निघताना पाठीवरचे ओझे कमी असावे असे कोणाला वाटत नाही? मलाही वाटते. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात बारा विद्यार्थ्यांना घेऊन पेणहून रोह्याला निघालो, तेव्हा घरातला बिडाचा जड तवा मी मुद्दाम मागे ठेवला आणि ॲल्युमिनिअमचा हलका तवा पिशवीत घातला. आगगाडीने रोहे गाठायचे, अवचितगड पाहायचा, आणि उतरल्यावर पायथ्याच्या मेढे गावाजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात गॅसच्या छोट्या स्टोव्हवर गरमागरम घावने करून खायची, असा आमचा बेत होता.

गड पाहून झाला. घावने मात्र झाली नाहीत.

भातकापणी झालेल्या मोकळ्या शेतात वारा सुटला होता. स्टोव्हची ज्योत एका बाजूला झुकत होती. पहिले घावन कसेबसे सुटले, दुसरे अर्धे तव्यालाच राहिले आणि तिसऱ्याचा लगदा झाला. आच मोठी केली, तर मध्यभाग करपला आणि कडा कच्च्या राहिल्या. पाचसहा घावनांचे तुकडे बाराजणांत वाटून होईपर्यंत गॅसचा डबा रिकामा झाला.

संध्याकाळी त्याच शेताच्या दुसऱ्या टोकाला घरच्या मंडळींनी पोपटी लावली आणि आम्हांला बोलावले. पोट भरले. हात धुताना नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्याकडे गॅस होता. यांच्याकडे नुसता पेंढा. वारा तर दोघांनाही तोच होता. मग आपलंच का फसलं?"

मी काही बोलण्याआधी शेतमालक आजोबा हसून म्हणाले, "मास्तर, घावन काय असल्या पत्र्यावर होतात? बिडाचा तवा आणायचा!"

आजोबांचे म्हणणे बरोबर होते. पण ते का बरोबर होते, हे मुलांना सांगणे माझ्याकडे, पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडे आले. तो हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो.

जमा आणि खर्च

घरखर्चासारखाच उष्णतेचाही जमाखर्च मांडता येतो. एक ग्रॅम ब्यूटेन जळाले की सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते. आमच्यासारखा लहान स्टोव्ह दर सेकंदाला सुमारे २,००० ज्यूल उष्णता देतो असे धरा. सव्वादोनशे ग्रॅमचा डबा मग जेमतेम दीड तास पुरेल.

पण ही सारी उष्णता तव्याला मिळत नाही. ज्योतीतले तापलेले वायू तव्याच्या बुडाला स्पर्श करून बाजूने निसटतात आणि जाताना बरीच उष्णता घेऊन जातात. वारा नसताना तव्याच्या पदरात पाचातले दोन भाग, म्हणजे सेकंदाला ८०० ज्यूल पडतात असे समजू. वाऱ्याने ज्योत झुकली की वायू तव्याला नीट न शिवताच निघून जातात. शिवाय तापलेल्या तव्यावरून वाहणारा वारा तव्याचीही उष्णता पळवतो. अशा वेळी मिळकत निम्म्यावर, म्हणजे सेकंदाला ४०० ज्यूलवर आली असे धरायला हरकत नाही. हे आकडे ढोबळ आहेत, पण आपल्या कामाला पुरेसे आहेत.

आता खर्च पाहू. एका घावनाला साधारण ८० ग्रॅम पातळ पीठ लागते आणि त्यात बहुतेक पाणीच असते. हे पीठ २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापायला सुमारे २१ किलोज्यूल लागतात. त्यानंतर खरा खर्च सुरू होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. यालाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. घावनातले २० ग्रॅम पाणी उडवायचे तर आणखी ४५ किलोज्यूल हवेत. एकूण खर्च झाला ६६ किलोज्यूल.

दोन मिनिटांत घावन व्हायचे तर वारा नसताना जमा ९६ किलोज्यूल, म्हणजे चिंता नाही. वाऱ्यात जमा अवघी ४८ किलोज्यूल. ही तूट भरून कोण काढणार?

शिल्लक कोठे असते?

तूट भरून काढतो तो तवा. घावन टाकण्यापूर्वी त्याने साठवलेली उष्णता ही आपली शिल्लक. ती किती असेल, हे दोन गोष्टींवर ठरते: तव्याचे वस्तुमान आणि धातूचा विशिष्ट उष्मा.

२५ सेंटिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा सुमारे पावणेदोन किलो भरतो. त्याच व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा तवा ४०० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला ग्रॅम तोलले तर ॲल्युमिनिअमच वरचढ आहे, कारण त्याचा विशिष्ट उष्मा ०.९० आणि बिडाचा ०.४६ ज्यूल. पण बिडाचा तवा चौपटीहून जड आहे. म्हणून बिडाचा तवा एका अंशाने थंड होताना सुमारे ८०० ज्यूल देतो आणि ॲल्युमिनिअमचा केवळ ३६०.

आता घावन टाकल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट पाहा. थंड पीठ तव्यावर पसरते आणि एकदम सुमारे ३० किलोज्यूल मागते. वाऱ्यात स्टोव्ह तेवढ्या वेळात फक्त १२ किलोज्यूल देतो. उरलेले १८ किलोज्यूल तव्याच्या शिल्लकीतून जातात. दोन्ही तवे १७० अंशांवर असतील, तर बिडाचा तवा १४८ अंशांच्या आसपास येतो. ॲल्युमिनिअमचा तवा १२० अंशांपर्यंत घसरतो, आणि पुढच्या घावनाला तो याहून कमी तापमानावरून सुरुवात करतो.

हा फरक घावनाला का भोवतो? तांदळातला स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी शोषून चिकट होतो. तवा चांगला तापलेला असेल तर पीठ पडताच खालून जोराने वाफ निघते. ती घावनाला तव्यापासून क्षणभर अलग ठेवते आणि पिठातून वाट काढत वर येताना जाळी पाडते. तवा थंडावलेला असेल तर वाफ मंद निघते, जाळी पडत नाही, आणि चिकट झालेला स्टार्च धातूलाच धरून बसतो. आमचे नेमके हेच झाले.

मग बिडात दोष नाही का?

आहे. उष्णतेच्या वहनात बीड ॲल्युमिनिअमच्या बरेच मागे आहे. लहान बर्नरची आच तव्याच्या मध्यभागी लागते. ती उष्णता मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे दहाएक सेंटिमीटर पसरायला ॲल्युमिनिअममध्ये दोनएक मिनिटे लागतात, तर बिडात दहाएक मिनिटे. म्हणून बिडाचा तवा घाईने तापवू नये. मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावा आणि मधून मधून फिरवावा. यात दहाएक ग्रॅम गॅस जाईल, पण ती शिल्लक पुढे प्रत्येक घावनाला उपयोगी पडते.

दुसरा दोष म्हणजे बीड ठिसूळ असते. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन असला की बीड होते. त्यामुळे ते कमी तापमानाला वितळते आणि साच्यात ओतायला सोपे जाते, पण आपटले की तडकते. तापलेला तवा थंड पाण्यात बुडवला तर त्याचा एक भाग आधी आकुंचन पावतो, दुसरा मागे राहतो आणि तडा जातो. आजी सांगते, "तवा निवल्यावरच धू." त्यामागचे कारण हे.

आजी नवा तवा अनेकदा तेल लावून तापवते, त्यालाही कारण आहे. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांना जोडले जातात आणि धातूवर काळा, कडक, पातळ थर बसतो. त्याने तवा गंजत नाही आणि घावनही सहज सुटते. रोज कांद्याच्या फोडीने किंवा नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचे ते हा थर राखण्यासाठी.

थेंबाची परीक्षा

तवा तापला की नाही हे तापमापीशिवाय कसे ओळखाल? पाण्याचा एक थेंब टाका. तो नुसता पसरून हळूहळू आटला, तर तवा अजून पुरेसा तापलेला नाही. चुर्र आवाज करून लगेच नाहीसा झाला, तर पीठ टाका. थेंब गोल होऊन तव्यावर घरंगळत राहिला, तर तवा फारच तापला आहे. आच कमी करा.

हा तिसरा प्रकार मोठा गमतीचा. सुमारे २०० अंशांच्या वर थेंबाच्या खालच्या बाजूची इतक्या वेगाने वाफ होते, की थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. वाफ उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे जास्त तापलेल्या तव्यावर थेंब उलट जास्त वेळ टिकतो! योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने लालबुंद तापवलेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे थेंब टाकून पाहिले होते.

पोपटीचा हिशोब

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. भाताची कापणी झाली की पेण-रोह्याकडे शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोणी कोंबडी, ओवा आणि खडेमीठ भरून तोंड पाल्यानेच बंद करतात. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या रचतात आणि पेटवतात. पाणी एक थेंबही घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्याचीच वाफ होते आणि त्या वाफेत सारे शिजते. शिजले का, ते पाहायला तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब टाकतात. चुर्र आवाज झाला की पोपटी तयार. तव्याची आणि मडक्याची परीक्षा एकच!

मुलांना वाटले, पोपटीला इंधन कमी लागते. हिशोब करून पाहू. पाच किलो पेंढा-काटक्या जळाल्या असे धरा. किलोला १४ मेगाज्यूलप्रमाणे ७० मेगाज्यूल झाले. दीड किलो गॅसएवढी ही उष्णता आहे! मडके आणि आतला जिन्नस तापायला त्यातले फार तर दोन-तीन मेगाज्यूल लागतात. बाकी सारे आकाशात जाते.

म्हणजे पोपटी काटकसरीची नाही. तिचे यश वेगळ्या गोष्टींत आहे. जाळ मडक्याच्या चहूबाजूंनी असतो, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी कोणती ना कोणती बाजू तापतच राहते. मातीचे जाड मडके उष्णता साठवते आणि जाळ विझल्यावरही आतले शिजत राहते. पेंढा शेतातलाच असल्यामुळे उधळपट्टी परवडते. आमच्याकडे उधळायला गॅस नव्हता आणि साठवायला जड तवाही नव्हता.

आडोसा हवा, पण किती?

आता माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. त्या दुपारी ज्योत टिकेना, म्हणून मुलांनी स्टोव्हभोवती चारी बाजूंनी दगड रचले. मीही "शाबास!" म्हणालो. आमच्या स्टोव्हचा गॅसचा डबा बर्नरच्या खालीच होता. काही वेळाने सहज हात लावला तर डबा चांगलाच गरम! स्टोव्ह चालू असताना डबा खरे तर गार लागायला हवा, कारण आतल्या द्रव ब्यूटेनची वाफ होताना ते डब्याचीच उष्णता घेते. मी तत्काळ स्टोव्ह बंद केला आणि दगड काढले.

डब्यातला दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. २० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या दुप्पट असतो आणि ५० अंशांना सुमारे पाचपट. त्याहून तापला तर डबा फुटू शकतो. मोठा तवा छपरासारखा उष्णता खाली परतवतो. भोवती बंद आडोसा असला तर ती उष्णता डब्याभोवतीच कोंडते.

म्हणून नियम असा: आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच करावा, दुसरी बाजू मोकळी ठेवावी. मोठ्या तव्यासाठी डबा नळीने दूर ठेवता येईल असाच स्टोव्ह वापरावा आणि डबा आडोशाच्या बाहेर ठेवावा. तंबूत किंवा बंद खोलीत स्टोव्ह कधीही पेटवू नये. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. गडावर वाळलेल्या गवतात तर जाळ करूच नये.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. बिडाचा आणि ॲल्युमिनिअमचा, साधारण सारख्या व्यासाचे दोन तवे घ्या. प्रत्येक तवा थेंब घरंगळेपर्यंत सावकाश तापवा आणि गॅस बंद करा. मग तव्याच्या मध्यभागी गरम पाण्याचा एक लहान चमचा (५ ग्रॅम) टाका. तो आटला की दुसरा, मग तिसरा. वाफ जोराने निघणे थांबेपर्यंत चमचे मोजा. वर दिलेल्या आकड्यांवरून बिडाच्या तव्यावर सहा-सात आणि ॲल्युमिनिअमच्या तव्यावर तीन चमचे आटायला हवेत. प्रत्यक्षात कमी आटतील. ती उष्णता कोठे गेली असेल? तवे तोलून तुमच्या तव्यांसाठी हा हिशोब स्वतः मांडा.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच शेतात गेलो. बिडाचा तवा मुलांनी आळीपाळीने वाहिला. वाऱ्याच्या बाजूला दगडांचा आडोसा केला, डबा दूर ठेवला, दहा मिनिटे तवा तापवला. चोवीस घावने झाली आणि डब्यात गॅस उरला. पहिले घावन आजोबांना दिले. त्यांनी ते उजेडाकडे धरून जाळी पाहिली आणि म्हणाले, "आता जमलं, मास्तर."