मोटारींच्या शर्यतींतील डायनाबाई पुंडोले

मोटार हांकणारी स्त्री आतां अमरावती-अकोल्यास नवलाची राहिलेली नाहीं. परंतु मोटारींच्या शर्यतींत उतरणारी स्त्री, आणि तीहि दोन मुलांची आई, असें म्हटलें कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ती आठी अगदींच अकारण आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तरी पण पुण्याच्या श्रीमती डायना पुंडोले यांची हकीकत वाचकांनीं आधीं ऐकून घ्यावी, इतकीच आमची विनंती.

डायनाबाई पेशानें शिक्षिका. शर्यतींची आवड त्यांस वडिलांकडून आली. २०१८ सालीं जे. के. टायर कंपनीच्या स्त्री-चालकांसाठीं असलेल्या उपक्रमांतून त्यांची निवड झाली. घर आणि मुलें संभाळून पुढें सराव चालूं राहिला, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें चेन्नईजवळच्या मद्रास आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर एम. आर. एफ. सलून विभागाचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें. या विभागांत बायकांसाठीं वेगळी रांग नसते. पुरुषांबरोबरच धांवावें लागतें.

सलून म्हणजे आपल्या दारांत उभी असते तशीच चार दारांची गाडी. येथें ती टोयोटाची इटिऑस. शर्यतीसाठीं तिच्यांतील मागील आसनें, गाद्या, सारा ऐषआराम काढून टाकतात आणि आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. सर्वांच्या गाड्या एकाच जातीच्या असल्यामुळें धनिकाच्या थैलीस फारसें महत्त्व उरत नाहीं. फरक पडतो तो वळणावर. तो मार्ग सुमारें पावणेचार किलोमीटरांचा, वळणांनीं भरलेला. ब्रेक लवकर दाबला तर मागची गाडी पुढें निघून जाते. क्षणभर उशीर झाला तर आपणच मार्गाबाहेर घसरतों. वळणाच्या आंतील कडेस गाडी नेमकी नेऊन बाहेर पडतांना पुन्हा वेग घ्यावयाचा, आणि हें प्रत्येक फेरींत, प्रत्येक वळणास, न चुकतां. येथें बळापेक्षां धिमेपणा उपयोगी पडतो.

वऱ्हाडच्या माणसास धांवेचें वेड समजावून सांगण्याची गरज नाहीं. तळेगांव दशासरचा शंकरपट कोणास ठाऊक नाहीं? सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा शर्यती बंद केल्या, पुढें २०२३ सालीं त्यांस मुभा देणारे राज्यांचे कायदे मान्य केले, आणि धुरकऱ्यांचे दिवस परत आले. तळेगांवच्या पटांत स्त्रियाहि कासरा हातीं घेऊन धुरेवर बसतात, हें शहरांतील पुष्कळांस माहीत नसतें. पटाची वाट मात्र सरळ असते. डायनाबाईंच्या कसबाचें सारें रहस्य वळणांत आहे, हा भेद ध्यानांत ठेवावा.

आतां धोक्याविषयीं. शर्यतीच्या मार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेनें जातात. समोरून ट्रक येत नाहीं, आडवी गाय येत नाहीं. चालकाच्या डोक्यास शिरस्त्राण, अंगांत आगीपासून रक्षण करणारा पोषाख, जवळ रुग्णवाहिका सज्ज. तरी अपघात होतात, हें खरें. पण जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर अखंड अंथरून जागतिक विक्रम झाला. त्या गुळगुळीत रस्त्यावर आपल्याच घरचे चिरंजीव रात्रीं जो वेग धरतात, त्यास ना पिंजरा, ना शिरस्त्राण! त्या वेळीं वडील मंडळींच्या आठ्या कोठें जातात, कोण जाणे.

२०२५ सालीं डायनाबाईंनीं आखाती देशांतील फेरारी क्लब चॅलेंज या मालिकेकडे मोर्चा वळविला. आंतरराष्ट्रीय शर्यतींत फेरारी हांकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव वृत्तपत्रांत झळकलें. बाजारांतील इटिऑसची शक्ति सुमारें ९० अश्वशक्ति. इटलींतील मारानेल्लो येथें घडणाऱ्या फेरारी २९६ चॅलेंजची सुमारें ७००. ती केवळ शर्यतीसाठींच बांधलेली असते. पुण्याच्या काय, कोणत्याच सार्वजनिक रस्त्यावर ती चालवितां येत नाहीं.